पाटाचं शेपूट

त्या मुलखात पाणी कमी होतं, आणि ते कमी आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाऊस वर्षातून दोनदा येई. एकदा थंडीत हळूच, आणि एकदा उन्हाळा संपता संपता, दांडगाई करत. मधले महिने आभाळ नुसतं रिकामं असायचं. नदी होती, पण ती दूरच्या डोंगरांवरच्या बर्फाच्या मर्जीवर यायची आणि जायची.

एवढ्या पाण्यावर त्या मुलखानं हजार वर्षं शेती केली. कुणी शिकवायला आलं नव्हतं. साळिंदरांनी खणलं, कासवांनी मोजलं, उंदरांनी पेरलं. नदीपासून निघालेला पाट कासवाच्या चालीनं नऊ दिवस लांब होता, आणि तो साळिंदरांनी गळलेल्या काट्यांनी आणि धारदार दगडांनी खणला होता. त्याचा उतार इतका बारीक होता की डोळ्याला दिसत नसे. उतार जास्त झाला तर पाणी काठ खातं, कमी झाला तर गाळ टाकतं. या पाटात त्यानं दोन्ही केलं नाही.

तो उतार कसा राखला? पहिली मोजणीदारीण कासवी मेली तेव्हा तिची पाठ उलटी करून, तिच्या कडेला चार दिशांना चार खाचा पाडून ठेवल्या होत्या. पाटाच्या बरोबर मध्यावर एक सपाट शिळा पुरलेली होती, तिला मापशिळा म्हणत. दरवर्षी गाळ काढायच्या दिवशी ती पाठ शिळेवर मांडून काठोकाठ भरायची. चारही खाचांतून सारख्या चार धारा लागल्या, की जमीन जागच्या जागी आहे असं समजायचं आणि मगच नदीचं दार उघडायचं.

त्या पूर्वजांना देव करायचं काही कारण नाही. तेही चुकले होते. एका काळी त्यांनी सोपं म्हणून एकाच पट्ट्याला वर्षानुवर्षं पाणी पाजलं, खालचं मीठ वर आलं, आणि तीन वस्त्या उठून गेल्या. तो खारपट्टा अजून पांढरा पडलेला होता. पण ते चुकल्यावर गप्प बसले नाहीत, त्यांनी नियम केला. दर चौथ्या वर्षी प्रत्येक रानानं तहानलेलं राहायचं. आणि दुसरा नियम त्याहून मोठा: पाणी आधी पाटाच्या शेपटाला, मग वर वर येत डोक्याला. जी पाणी वाटते तिचं रान सगळ्यात शेवटी.

पाणी वाटणाऱ्या कासवीचं नाव खडवी होतं. तिचं रान नदीच्या दाराला लागून, म्हणजे तिच्या नाकासमोरून सगळ्यांचं पाणी जायचं आणि ती बघत बसायची. ऐंशी वर्षं तिनं ते केलं. गोड बोलणं तिला जमलं नव्हतं आणि तिनं त्याचा प्रयत्नही केला नव्हता. पाळी चुकवून पाणी वळवणाऱ्या एका उंदराला तिनं पाटाच्या काठावर पालथं घातलं होतं, वर स्वतः बसली होती, आणि पाणी शेपटाला पोचल्याचा निरोप आल्यावरच ती उठली होती. सगळे तिला आत्या म्हणत. प्रेमानं किती आणि भीतीनं किती, ते ज्याचं त्याला माहीत.

पाटाच्या शेपटाला दाणी नावाची उंदरीण आणि तिची वस्ती राहायची. तिथं तपकिरी चवळी व्हायची, दोन पाण्यांत हाताला येणारी. ऊन वाढलं की ती आपली पानं मिटून घ्यायची आणि जिवंत राहायची. साऱ्या मुलखाचं बियाणं शेपटातून यायचं, कारण तहानेत वाढलेलं बी तहानेत उगवतं. म्हणून शेपटाला आधी पाणी. दयेचा त्यात काही संबंध नव्हता.

मग नळचोचे आले.

ते पक्षी दूरच्या मुलखातून आले होते. त्यांची चोच अंगाच्या दसपट लांब आणि आतून पोकळ. आले तेव्हा वाळलेले होते. त्यांचा नायक दीर्घचंचू याचं बोलणं मऊ होतं आणि त्याला दुसऱ्याची स्तुती करण्याचा चांगला सराव होता. त्यानं पाट पाहिला, डोळे मिटले, आणि म्हणाला की असं प्राचीन शहाणपण त्यानं कुठंच पाहिलं नाही. स्वतःच्या मुलखाचं काय झालं, हे त्याला कुणी विचारलं नाही. तहानलेल्याला प्रश्न विचारायची तिथं रीत नव्हती.

पंचांची बैठक मापशिळेपाशी भरली. मुख्य होता साळोबा, पाट खणणाऱ्यांच्या घरातला साळिंदर, अंगानं भरलेला आणि कुणाचंही मन न मोडणारा. दीर्घचंचूचं मागणं फार साधं होतं. तुमचं वाहतं पाणी आम्हाला नको, त्याचा थेंबही नको. जमिनीच्या पोटात खोल जे पाणी बसलं आहे, तिथवर फक्त आमची चोच जाते. ते आम्ही घेऊ. त्यावर कुणाचीच पाळी नाही.

पंचांनी आपले सगळे नियम आठवून पाहिले. ते शेकडो होते, आणि एकूणएक वाहत्या पाण्याचे होते. बसलेल्या पाण्याबद्दल एकही नव्हता. जे पाणी हजार वर्षांत जागचं हललं नाही त्याच्यासाठी नियम करावा, हे त्या पूर्वजांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वाहणाऱ्यावर एवढी बारीक नजर ठेवणाऱ्यांची नजर तेवढी एका ठिकाणी गेली नव्हती.

खडवीनं विरोध केला. तिला नियम सापडला नाही, म्हणून ती जे वाटलं ते बोलली. वरची जमीन त्या खालच्या पाण्यावर डोकं टेकून निजली आहे, असं ती म्हणाली. उशी काढून घेतली तर मान कुठं जाईल, ते आधी सांगा.

पंच हसले. साळोबा हसला नाही. त्यानं आत्याच्या भावनांचा आदर केला आणि परवानगी दिली.

नळचोच्यांनी मापशिळेपासून हाकेच्या अंतरावर जागा धरली. मधोमध चोची खुपसल्या आणि पंख पसरून तोंडातलं पाणी फवारत गोल गोल फिरू लागले. जिथवर फवारा गेला तिथवर लसूणघास उगवला. वाळवंटात एक हिरवं वर्तुळ, जणू कुणी झाकण ठेवलं आहे. ते गवत वर्षातून नऊ वेळा कापलं जाई. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा चवळीसुद्धा पानं मिटून घेते, तेव्हा वर्तुळावर फवारे उडत आणि त्यातलं अर्धं पाणी जमिनीवर पडायच्या आधीच हवेत विरून जाई. कापलेल्या गवताचे भारे करून नळचोचे आकाशमार्गे घेऊन जात. कुठं? जिथून ते आले होते तिथं. तिथल्या म्हशींना हिरवं लागतं आणि तिथं आता हिरवं होत नाही.

म्हणजे त्या मुलखाचं पाणी गवताच्या काड्यांत भरून, भारे बांधून, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मुलखाबाहेर जात होतं. आणि भारे बांधायला तिथलेच उंदीर जात होते. मोबदल्यात गवताची बुडखं मिळत. महिन्याभरात त्यांच्या पोरांना चवळी नकोशी झाली. तपकिरी दिसते म्हणाली.

साळोबाला दीर्घचंचूनं हरितश्रेष्ठ ही पदवी दिली. समारंभात त्याच्या एकेका काट्याच्या टोकाला गवताचं एकेक पातं खोवण्यात आलं. त्यानंतर तो कुणाला टोचेना. चालताना शेतच चालल्यासारखं दिसे, आणि तो मुद्दाम हळू चालू लागला.

नळचोच्यांना जुन्याबद्दल फार आस्था होती. एक दिवस त्यांनी खडवीच्या रानाला कुंपण घातलं. तिथं तिनं दगडांचे छोटे ढीग रचून त्यांत घायपात लावलं होतं. दगडांच्या पोटाशी ओल टिकते, आणि तेवढ्यावर घायपात जगतं. कुंपणाच्या दाराशी त्यांनी एक मोठा लाकडी फलक रोवला. त्यावर सुंदर अक्षरांत लिहिलं होतं: ‘येथे एकेकाळी शेती होत असे.’

फलक रोवला जात होता तेव्हा खडवी त्याच्या मागे तण काढत होती.

“एकेकाळी?” तिनं विचारलं. “मग मी आत्ता काय करतेय?”

रोवणारा पक्षी नम्रपणे म्हणाला, “आजी, तुमची जपणूक होतेय.”

“मला आजी म्हणू नकोस. माझ्या नातवंडांच्या चोची तोकड्या आहेत.”

त्यानं हे उत्तरही लिहून घेतलं. बोलीचा नमुना म्हणून.

त्या वर्षी गाळ काढायच्या दिवशी मोजणीदारणीची पाठ मापशिळेवर ठेवली आणि भरली. तीन खाचांतून धार लागली. चौथी, वर्तुळाच्या उलट बाजूची, कोरडी राहिली. बघणारे म्हणाले, पाठ जुनी झाली, वाकली असेल. खडवीनं पाठ फिरवून ठेवली. कोरडी खाच बदलली, बाजू बदलली नाही. पुढच्या वर्षी सगळं पाणी एकाच खाचेतून, वर्तुळाकडच्या, भसाभसा सांडलं. दोन्ही वर्षी पंचांनी तरीही नदीचं दार उघडायला लावलं.

आणि दाणीचा निरोप आला. शेपटाला पाणी आलं नव्हतं. हजार वर्षांत पहिल्यांदा पाट मधेच बसला होता. वर्तुळाजवळ पाणी तळं होऊन थांबे, आणि तिथून पुढं चढ होता. पाण्याला चढता येत नाही. तळ्यात थांबलेलं ते पाणीही नळचोचे पिऊ लागले. वाहत नाही, तेव्हा त्यावर पाळी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि नियमानं ते बरोबर होतं.

खडवी साडेचार दिवस चालून बैठकीला गेली. जमीन बसते आहे, असं तिनं सांगितलं, पाठ भरून दाखवली. तेव्हा दीर्घचंचूनं सपाटी मोजायचं आपलं चकचकीत उपकरण मागवलं, वर्तुळाच्या मधोमध ठेवलं, आणि पंचांना बोलावून त्यातला बुडबुडा दाखवला. बुडबुडा अगदी मध्यावर होता. जमीन कुठंही कललेली नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. पंचांनी माना डोलावल्या. कासवीची पाठ यापुढे मोजमापाला धरू नये, ती जपून फलकामागे ठेवावी, असं ठरत आलं.

“उपकरण खोटं नाही,” खडवी म्हणाली. “तुम्ही ते खड्ड्यात ठेवलंत. सगळं वर्तुळ एकदम खाली गेलं, त्याच्याबरोबर तुम्ही गेलात आणि तुमचा बुडबुडाही गेला. आत बसून बघाल तर सपाटच दिसणार. साळोबा, तुझ्या मूळपुरुषानं हा पाट खणला तेव्हा त्याच्या अंगावर एक काटा उरला नव्हता. उघडा मेला तो. तुझे सगळे शाबूत आहेत, आणि त्यांच्यावर तू गवत खोवून बसलास. शेपूट सुकतंय. बियाणं तिथं आहे. ते गेलं तर पुढच्या वर्षी काय पेरणार आहेस, ही पाती?”

साळोबा म्हणाला की आत्या थकली आहे, आणि तिच्या सेवेबद्दल मुलूख तिचा ऋणी राहील.

खडवीनं पाठ उचलली, स्वतःच्या पाठीवर ठेवली, आणि चालती झाली. अडवायला कुणी धजावलं नाही.

घरी पोचल्यावर तिनं जे केलं ते रागात केलं. तिनं नदीचं दार लावलं आणि त्यावर बसली. शेपटाला पाणी नाही तर कुणालाच नाही. नियम तसाच होता. बारा दिवस ती बसून होती. नदी भरून वाहत गेली, पाट कोरडा पडला. खालच्या रानांतली चवळी आधी मान टाकून बसली आणि मग जळाली. लोक दाराशी येऊन तिला शिव्या घालू लागले. ज्यांना तिनं पालथं घातलं होतं ते तर मनापासून घालू लागले. वर्तुळावर मात्र फवारे उडतच होते. नळचोच्यांना दार लावल्याचं कळलंसुद्धा नाही.

तेराव्या दिवशी दाणी आली. शेपटापासून डोक्यापर्यंत धावत आली होती, पाय फुटले होते.

“आत्या, दार उघड.”

“तुझ्यापर्यंत पोचणारं आहे का पाणी?”

“नाही.”

“मग कुणासाठी उघडू?”

दाणीनं जरा दम घेतला. “हे बघ, मी शेपटाची आहे, तेव्हा मीच बोलते, दुसऱ्या कुणाला तोंड नाही. तू दार लावलंस म्हणून ते पक्षी तहानले का? मधल्यांची चवळी गेली, एवढंच झालं. तुझा राग खरा आहे गं. पण तो आपल्याच रानांवर पडला.”

खडवी दारावरून खाली उतरली. मग तिनं दार उघडलं. कुणाची क्षमा मागितली नाही. तिला ते येत नव्हतं. पाणी पाटात शिरलं तरी तिचा पंजा दारावरच होता.

“तुझ्या वस्तीत किती जण उरलेत?” तिनं विचारलं.

“अर्धी घरं भारे बांधायला गेली. बाकीचे थांबलेत. बी एक मडकं आहे. ते खायचं की ठेवायचं, यावरून रोज भांडण.”

“खाल्लंत तर मी तिथं येऊन एकेकाला पालथं घालीन,” खडवी म्हणाली, आणि दाणीबरोबर निघाली. मोजणीदारणीची पाठ तिनं बरोबर घेतली.

शेपटाला तिनं पाटाकडं बघितलंही नाही. टेकडीच्या पायथ्याशी, जिथं दांडगा पाऊस उतरताना ओघळ करून जातो, तिथं तिनं उंदरांना दगड गोळा करायला लावले. आडवे बांध, हातभर उंचीचे. बांधांमागे दगडांचे ढीग. हे पाटाच्याही आधीचं काम होतं. तिच्या आजीच्या आजीला ते पाठ होतं, आणि खडवीनं फक्त ऐकलेलं होतं. पहिल्या सरींत दोन बांध फुटले. तिसरा कसा घालायचा ते दाणीनं सांगितलं आणि तो टिकला. मडक्यातलं मूठभर बी त्यांनी त्या ओलीत टाकलं. बाकीचं मडकं पुरून खडवी त्यावर निजू लागली.

त्याच उन्हाळ्याअखेर जमीन फाटली. वर्तुळाच्या कडेनं सुरू झालेली भेग मधल्या एका वस्तीच्या खालून गेली आणि पाट कापून पलीकडं निघाली. रुंदी साळिंदराएवढी, खोली कुणाला कळली नाही. पाऊस दांडगाई करत आला, नदी भरून आली, पाट भरून आला, आणि ते सगळं पाणी भेगेत गेलं. आवाज तीन दिवस येत होता, कुणीतरी खाली बसून गटागटा पितं आहे तसा. मग तोही थांबला.

नळचोच्यांच्या चोचींना आता खाली नुसता गाळ लागत होता. त्यांनी चोचीला चोच जोडून पाहिली. शेवटी एका सकाळी त्यांनी चोची उपसल्या, पुसल्या, आणि पंख झटकले. त्यांचे गळे तुकतुकीत झाले होते.

साळोबा धापा टाकत त्यांच्याकडे गेला. आता आम्ही काय करायचं, असं त्यानं विचारलं. दीर्घचंचूला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं.

“तुमच्या मुलखात पाणी कमी आहे,” तो म्हणाला, “हे तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

आणि थवा उडाला. जाताना शेवटचे भारे न्यायला तो विसरला नाही.

वर्तुळ आठ दिवसांत पिवळं झालं, महिन्यात पांढरं. इतक्या फवाऱ्यांनी वर आणलेलं मीठ उन्हात चमकू लागलं. भारे बांधणारे उंदीर पोरं घेऊन एकेक करून निघून गेले. काही जण शेपटाला येऊन गुपचूप दगड वाहू लागले. त्यांना खडवी काही बोलली नाही, ही त्यांना मोठी शिक्षा वाटली.

शेपटाला बांधांमागे चवळी आली होती. फार नाही. एका मडक्याची दोन झाली. दाणीनं टेकडीच्या ओघळापासून एक नवा पाट खणायला घेतला, उंदराच्या दहा पावलांचा. खडवीनं मोजणीदारणीची पाठ तिच्या हवाली केली. दाणीनं ती जमिनीवर मांडली, बांधामागच्या पाण्यानं भरली. चार खाचांतून चार धारा लागल्या, बारीक, पण सारख्या. खडवी त्या थांबेपर्यंत बघत राहिली, मग वळली आणि डोक्याकडे निघाली.

नऊ दिवसांनी ती आपल्या रानात पोचली. घायपात उभं होतं. कुंपण पडलं होतं. फलक मात्र होता तसाच, सुंदर अक्षरांसकट. तिनं त्याच्या बुडाशी उकरायला सुरुवात केली. अर्धा दिवस लागला. मग फलक पाठीवर घेतला, अक्षरं वर येतील असा, आणि कोरड्या पाटातून चालू लागली. मधल्या वस्त्यांत जे उरले होते ते काठावर येऊन उभे राहिले. ती हळू चालत होती, त्यामुळं सगळ्यांना वाचायला पुरेसा वेळ मिळाला.

पाचव्या दिवशी, दुपार कलली तेव्हा, ती पांढऱ्या वर्तुळाच्या मधोमध पोचली. मीठ पायाखाली करकरत होतं. तिनं खड्डा केला, फलक उभा केला, चारही बाजूंनी माती दाबली, हलवून पाहिला. पक्का बसला होता. ती परत फिरली.

चारी दिशांना तिथं गवताचं पातं नव्हतं की झुडूप नव्हतं. काही वेळानं वर्तुळाच्या कडेवरून एक आकृती हळूहळू आत येताना दिसली. साळोबा होता. काट्यांच्या टोकांवरची पाती वाळून पिवळी झाली होती, पण त्यानं ती काढली नव्हती. तो फलकापाशी आला, वर बघितलं नाही, आणि फलकाच्या सावलीत अंग चोरून बसला.